सुध्यासाठी वाढवलेला ट्रेबल

फोनवर सुध्याचा नंबर दिसला आणि मी सवयीनं ओरडलो, "काय रे लेका, मेलास कुठं महिनाभर?" पलीकडं सुधाकर नव्हता. त्याची मुलगी प्रज्ञा होती. "काका, पप्पा गेले," ती म्हणाली. "सकाळी छातीत दुखायला लागलं... दवाखान्यात पोचेपर्यंत..." मी गावात तोंडाळ म्हणूनच ओळखला जातो, पण त्या दिवशी स्वतःच्या जिभेची किळस आली. दुकानाचं शटर ओढलं आणि तसाच कळंब्याला त्याच्या घरी गेलो. त्या वाक्याची लाज वाटते, नाही असं नाही. पण गेले पाच आठवडे जीव खातंय ते दुसरंच एक वाक्य, बारा वर्षांपूर्वी मी गिळून टाकलेलं.

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. सुधाकर आणि मी एका बाकावर शिकलो. पुढं तो शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत लागला, फेटलिंग खात्यात. ओतून निघालेल्या लोखंडी कास्टिंगच्या कडा ग्राइंडरनं घासून काढायच्या, हे काम. आठ-दहा ग्राइंडर एकदम सुरू, आणि कानात कापसाचा बोळासुद्धा नाही. अशा माणसाला सुट्टीच्या दिवशी शांतता हवीशी वाटेल की नाही? ह्याला रॉक पाहिजे! मावसभावानं गोव्याहून एक कॅसेट आणून दिली आणि गडी त्यातनं पुन्हा वर आलाच नाही. गल्लीतली माणसं म्हणायची, सुध्या इंग्रजी भांडणं ऐकतोय. शब्द त्यालाही फारसे कळायचे नाहीत. मी छेडलं की म्हणायचा, "शब्द घिऊन काय करायचंय मर्दा? गिटार मराठीतच बोलतीया की!"

नव्वदीचं दशक सरत आलं होतं तेव्हा त्यानं कुठूनतरी दोन भलेमोठे जुने स्पीकर आणले आणि माझ्या मागं लागला, आता ॲम्प्लिफायर चांगला पाहिजे. माझ्याकडं दोन होते. एक पूर्ण व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, मी नव्यानं उभा केलेला. दुसरा मी स्वतः बांधलेला हायब्रिड, म्हणजे पुढं व्हॉल्व्ह आणि मागं ट्रान्झिस्टर. सुध्याचं मन पहिल्यावर. काचेच्या आत तांबूस तार पेटलेली दिसली की हा देवळात उभा राहिल्यासारखा गप्प व्हायचा. मी त्याला समजावत होतो, "अरे खुळ्या, आवाज गोड हाय, पण हे दहा-बारा वॉटचं पाखरू तुझ्या असल्या स्पीकरना हलवणार कसं? ड्रम पिठात पडल्यागत वाजतील. रॉकला मागनं दणका पाहिजे. शिवाय संध्याकाळी व्होल्टेज पडलं की तुझा व्हॉल्व्ह बसला मान टाकून." तीन रविवार हा वाद चालला. एक कॅसेट, एकच गाणं, आधी ह्याच्यावर, मग त्याच्यावर. शेजारचा शिंपी वैतागला. "ओ, लग्नाला पोरगी बघताना एवढा वेळ लावला न्हाई कुणी," म्हणाला.

तिसऱ्या रविवारी सुध्या व्हॉल्व्हवर ऐकता ऐकता थांबला. "झांजा कुठं गेल्या रं?" ड्रमसेटवर ज्या पितळी थाळ्या असतात त्यांना तो झांजा म्हणायचा. मला तर स्वच्छ ऐकू येत होत्या. मी म्हटलं, व्हॉल्व्ह जुना असेल. हायब्रिड लावला. "ह्यातबी न्हाईत." टेपचं हेड स्पिरिटनं पुसलं. "न्हाईत की." मग मी वैतागून ट्रेबलचं, म्हणजे बारीक-उंच आवाज चढवायचं बटण पार शेवटाला नेलं. माझ्या दातांतून कळ गेली. शिंपी कात्री हातात घेऊनच धावत आला. आणि सुध्याचा चेहरा असा उजळला, असा उजळला... "आता वाजला बघ! आत्ता वाजला! ह्योच पाहिजे, हायब्रिड!"

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. फेटलिंगचे कामगार माझ्याकडं टेप घेऊन यायचे, त्यांच्यापैकी दोघांशी खाणाखुणा करून बोलावं लागायचं, हे मला माहीत होतं. पण सुध्याचं कधी डोक्यातच आलं नाही. आमच्या गावात सगळेच तारस्वरात बोलतात, त्यातला ऐकू न येणारा कुठला आणि नुसता कोल्हापूरकर कुठला, हे कळणार कसं? त्या दिवशी मात्र कळलं. अगदी लख्ख कळलं.

आणि नशीब बघा, त्याच दिवशी निघताना तो म्हणाला, "सायब स्टोअरला बदली द्यायला तयार हाय. बसून काम. पर खिळं आणि नटबोल्ट मोजत बसायला नको वाटतंय. तू सांग, जाऊ का?" एवढं मोठं दार देवानं उघडून दिलं होतं. 'सुध्या, तुझे कान चाललेत, उद्याच्या उद्या त्या खात्यातनं बाहेर पड.' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "तुझं तू बघ बाबा." का? त्याचा तो उजळलेला चेहरा विझवायला जीव होईना, हे खरं. पण पूर्ण खरं लिहायचं तर, मी बांधलेला ॲम्प्लिफायर त्यानं पसंत केला होता आणि त्या पसंतीवर मला पाणी पडू द्यायचं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे मला वाटलं, हे मी दुरुस्त करीन. आयुष्यभर काय बिघडलं की झाकण खोलायचं, एवढंच शिकलेला माणूस मी. घरी पोचवण्याआधी मी हायब्रिड उघडला आणि आतले दोन भाग असे बदलले, की बटण मध्यावर असलं तरी ट्रेबल चढलेलाच राहावा. त्याला काही बोललो नाही.

सुध्या फेटलिंगलाच राहिला. दीड-दोन वर्षांनी ॲम्प्लिफायर काखेत मारून आला. "आवाज मरगळलाय रं, व्हॉल्व्ह गेला वाटतं." मी व्हॉल्व्ह बदलल्याचं सांगितलं आणि ट्रेबल आणखी चढवला. घरी लावून बघून दुसऱ्या दिवशी मुद्दाम सांगायला आला, "तुझ्या हातात जादू हाय." असं तीनदा झालं. तीनदा त्यानं माझं कौतुक केलं आणि तीनदा मी ते घेतलं! चौथ्यांदा तो आलाच नाही. मी घरी गेलो तर स्पीकरच्या लाकडावर तळवा ठेवून बसलेला. "असं बरं वाटतंय," म्हणाला. शेवटची दोन-तीन वर्षं तर तो प्रत्येक बोलण्याला "व्हय व्हय" म्हणून मान हलवायचा. मी एकदा ओरडून म्हणालो, "कान दाखव की कुणालातरी." ते तेवढं मात्र त्याला ऐकू गेलं. हसला. "आता काय दाखवायचं?"

सुध्याच्या मागं घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. प्रज्ञानं मला त्याच्या खोलीत बोलावलं. ती आता एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात शिकते. "काका, पप्पा काय ऐकायचे ते मला एकदा नीट ऐकायचंय," म्हणाली. तिनं कॅसेट घातली, बटण दाबलं आणि दोन्ही हात कानांवर घेतले. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. आतून तिची आई, शालन वहिनी ओरडल्या, "बंद कर ते!" प्रज्ञानं बंद केलं. "बिघडलाय का हो?"

व्हय म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो होता आणि मला पुन्हा एकदा खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. झांजा सांगितल्या, स्टोअरची बदली सांगितली, झाकणाच्या आत मी काय केलं ते सांगितलं. कानाचं हे असंच असतं, आधी बारीक आणि उंच आवाज जातात, हेही सांगितलं.

"किती वर्षं झाली ह्याला?"

"बारा."

"म्हणजे मी दुसरीत होते," ती म्हणाली. "माझा आवाज तेव्हा लई बारीक होता." तिनं कॅसेट बाहेर काढली. "मी शाळेतलं सांगायला लागले की पप्पा दुसरीकडंच बघायचे. मम्मी बोलली की तिला उत्तर द्यायचे, मला न्हाई. मला वाटायचं मुलगा पाहिजे होता म्हणून बोलत न्हाईत माझ्याशी. सातवीत गेल्यावर मग मीच बोलायचं सोडून दिलं."

मी म्हणालो, "पोरी, चुकलं माझं."

तिनं माझ्याकडं बघितलं. रडत नव्हती. "मला तरी सांगायचं की हो, काका," ती म्हणाली. "मी मोठ्यानं बोलले असते."