साडेपाचची गाडी

माझ्याकडे टीव्हीवर सिनेमा ऐन रंगात आला की बाय उठायची. खुर्चीखाली पायानं चप्पल चाचपायची आणि म्हणायची, "चला भाऊ, माजी साडेपाचची गाडी जाईल."

कसली गाडी? तिचं घर माझ्या वाडीच्या कुंपणापलीकडे, पन्नास पावलांवर. डोक्यावरची मासळीची पाटी उतरूनही कैक वर्षं झालेली. पण सवय ती सवय. तुमच्या आळीतही असं एखादं माणूस असेल, बघा.

तरुणपणी ती तारापूरच्या किनाऱ्यावरून मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. पाटी रिकामी झाली की तीनच्या खेळाला टॉकीजमध्ये शिरायची. पाटी खुर्चीखाली. आजूबाजूची माणसं नाक दाबून दोन खुर्च्या सोडून बसायची, त्यामुळे हिला ऐसपैस जागा. पण संध्याकाळी होड्या लागायच्या आत किनाऱ्यावर पोचायचं, म्हणून साडेपाचची एसटी धरणं भाग. म्हणजे सिनेमाचा शेवट राहायचाच.

तरी बोंबील वाळत घालताना बायकांना ती गोष्ट पुरी सांगायची. तिच्या सिनेमात हरवलेली माणसं हमखास सापडायची. अर्ध्यातून उठणारी बाई शेवट आणते कुठून, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी तेव्हा सिनेमा बघत नसे. पैसे देऊन अंधारात बसायचं कशाला? शिकलो चौथीपर्यंत, पण कुणापुढे मान वाकवली नाही. बायकोनं एडवणहून, माहेराहून आणलेला मोगरा मी एकदा त्याच ताठ्यात उपटला आणि तिथं पानवेल लावली. तिला विचारलंसुद्धा नाही. ती माहेरी निघून गेली. म्हटलं, गेली तशी येईल. महिना झाला, आली नाही.

एका सकाळी बाय मासळी घेऊन दारात आली. कोळंबी सोलता सोलता सिनेमा सांगू लागली. रागावून निघालेली बायको, स्टेशन, इंजिनाचा धूर. मी तिच्याकडे पाठ करून विड्याची पानं पुसत होतो.

"मग? शेवटी काय झालं?" न राहवून मी विचारलं.

"होनार काय? तो सोता गेला तिला आनायला. सासऱ्याच्या दारात टोपी हातात घेऊन उभा रायला."

"आणि ती?"

"काय बोलली नाय. उठली, चप्पल घातली."

"एवढंच?"

"एवडंच लागतं, भाऊ."

दुसऱ्या दिवशी दोन गाड्या बदलून मी एडवणला गेलो. माफी मागितली नाही. ते मला आजही जमत नाही. नुसता टोपी हातात घेऊन उभा राहिलो. बायको ओटीवर तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली, चप्पल घातली. निघताना मोगऱ्याची एक फांदी तेवढी तोडून घेतली. पुढं चाळीस वर्षं संसार झाला आमचा.

बायको वारल्यावर मुलानं भिंतीवर मोठा टीव्ही लावून दिला. दुपारी त्यावर जुने सिनेमे लागतात. बाय यायची, माझ्या हातावर मूठभर सुकट ठेवायची. "तिकीट काडलंय हां." खिडक्या लावल्या की खोलीत पाण्याखालच्यासारखा उजेड व्हायचा, आणि आम्ही दोन म्हातारी त्यात तरंगत बसायचो.

एक दिवस तोच सिनेमा लागला. स्टेशनातला धूर दिसला आणि मी ओळखला. वेळ झाली, तिनं चप्पल चाचपली.

"बस. आज शेवट बघून जायचं."

"नको भाऊ, गाडी..."

"गेली तुझी गाडी. बस!"

बसली बिचारी, पदर तोंडाशी धरून.

पडद्यावर गाडी लांब गेली. नवरा घरीच खिडकीत बसून होता. कंदील विझला तरी तो उठला नाही. सिनेमा संपला.

"बाय, तो तिला आणायला गेलाच नाही."

"मला काय म्हाईत? मी कुटं बगितला?"

"मग मला सांगितलंस ते?"

ती चपलेकडे बघत राहिली. "तुमची बायको जाताना या कुंपनाशी रडून गेलेली. मी सांगून तुमी ऐकनार होता काय? सिनेमातल्याचं ऐकलंत." मग हळूच म्हणाली, "ती आली ना? मंग शेवट खोटा कसा?"

उठून मी दार उघडलं. अंगणात तो एडवणचा मोगरा फुलला होता. म्हटलं, "जा बाय. गाडी चुकेल तुझी."

यंदा थंडीत ती गेली. मी उमरोळीला लेकीकडे होतो. परतलो तोवर सगळं उरकलेलं. तिचा शेवट मी पाहिला नाही. बरं झालं.

आता साडेपाच वाजले की मी सिनेमा बंद करतो. काळ्या काचेत शेजारची खुर्ची दिसते. मग पुढचं मी जुळवत बसतो. एसटी निघालेली असते. बाय खिडकीशी, पायाशी रिकामी पाटी. शेजारी माझी बायको, केसांत मोगरा. ती बायला विचारते, "मग? शेवटी काय झालं?"