गॅलरीतलं सामान

कोपरखैरण्याच्या आमच्या घरात एक हॉल, एक खोली, एक स्वयंपाकघर आणि एक गॅलरी होती. त्यातली गॅलरी माझ्या सासऱ्यांची. तसं कागदावर कुठे नव्हतं, पण तिथे दुसऱ्या कुणाला उभं राहायला जागाच नव्हती. तुर्भ्याच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला होते. नोकरी सुटली, मेंटेनन्स सुटला नाही.

गॅलरीत काय नव्हतं ते विचारा. ट्यूबलाइटचे जळके चोक, पंख्यांचे ठोकळ्याएवढे जुने रेग्युलेटर, मिक्सरचे झिजलेले कपलर, कुकरच्या शिट्ट्या, नळाचे वायसर, इस्त्रीच्या कॉइली. बारीकसारीक सगळं श्रीखंडाच्या डब्यांत नीट लावलेलं. एवढं जमवलंय म्हणजे कधीतरी उपयोगाला येत असेल, असं कुणालाही वाटेल. मलाही लग्न झाल्यावर काही वर्षं वाटत होतं. नळ गळायला लागला की बाबा गॅलरीत शिरायचे, अर्धा दिवस डबे उपसायचे आणि मूठभर वायसर घेऊन बाहेर यायचे. एक मोठा निघायचा, एक लहान, आणि एखादा बरोबर बसायचा, पण नळ गळतच राहायचा. मग वाशीला जाऊन नवा आणायचा. जुना काढलेला डब्यात जायचा. म्हणजे दर दुरुस्तीला सामान वाढायचं. हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उठून डबा जागेवर ठेवून आले. कप्पाळ माझं!

त्या वर्षी माझ्या भावाला मस्कतला नोकरी लागली. आई कराडला त्याच्याजवळ राहायची. दिवाळीनंतर तो बायकोमुलांना घेऊन निघणार, म्हणजे आई एकटी. तिचे गुडघे गेलेले. न्हाणीत पाय घसरून पडली असती तर शेजाऱ्यांना कळायला दुसरा दिवस उजाडला असता. मी नवऱ्याला सांगितलं, आईला इकडे आणायचं, कायमचं. तो लगेच हो म्हणाला. त्या बाबतीत माणूस भला. प्रश्न जागेचा होता. हॉलमध्ये बाबांची कॉट, खोलीत आम्ही दोघं आणि मुलगी. उरली गॅलरी. ग्रिल होतीच, काचा बसवल्या की आईची कॉट आरामात मावली असती.

जेवताना मी बाबांच्या कानावर घातलं. "विहीणबाई कायमच्या येणार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, कायमच्या. "बरं," म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. मी त्या 'बरं'वर विसंबून दुसऱ्याच दिवशी एसटीडी बूथवरून आईला कळवून टाकलं की जागेची काळजी करू नकोस.

मग आली खंडेनवमी. दरवर्षी बाबा त्या दिवशी पक्कड, पाना, स्क्रू ड्रायव्हर पाटावर मांडून पूजा करायचे. माणूस मेंटेनन्सवाला, करणारच. त्या वर्षी मी ऑफिसातून घरी आले तर हॉलभर वर्तमानपत्रं अंथरलेली आणि त्यावर अख्खी गॅलरी मांडलेली. जळक्या चोकांना हळदकुंकू. कॉइलींना हळदकुंकू. वायसरसुद्धा सोडले नव्हते. रेग्युलेटरवर झेंडूची फुलं. आता मी काही फार देवधर्म करणारी नाही, पण पूजेला लागलेली वस्तू भंगारवाल्याच्या तराजूत टाकायला माझा हात धजला नसता, आणि हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. रात्री म्हणाले, दिवाळीपर्यंत तरी काही हलवू नये. म्हातारा बेरका म्हणतात तो असा.

दिवाळीची साफसफाई गॅलरी सोडून झाली. मी भांडी आपटली, दारं आपटली, गॅलरीकडे बघत मोठ्याने सुस्कारे सोडले. पालथ्या घड्यावर पाणी. नवरा मूग गिळून बसलेला. बाबांना विचारावं तर ताकास तूर लागू देत नाहीत, नुसतं 'बघू'. तिकडे भावाचं सामान बांधून झालं होतं. फोनवर आई म्हणाली, "जागा होत नसेल तर राहू दे गं. राहीन मी इथेच, काही होत नाही मला." बूथच्या बाहेर लोक नंबर लावून उभे होते आणि मी आत रडत होते. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि तो सगळा त्या श्रीखंडाच्या डब्यांवर होता.

भाऊबीज झाल्यावर एका संध्याकाळी मी घरी आले, तर गॅलरी रिकामी. धुतलेली. फरशीचा रंग लाल आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी आनंदाने वळले आणि बाबा दिसले. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला, कॉटवर बसलेले. शेजारी बॅग आणि सुतळीने बांधलेली वळकटी.

"ठाण्याहून नाशिकची शेवटची गाडी किती वाजता असते गं?"

नाशिकला थोरले दीर राहतात. तिकडे कुणाला काही झालं का, मी घाबरून विचारलं. कुणाला काही झालेलं नव्हतं. ते म्हणाले, "विहीणबाई येणार ना. व्याही आणि विहीण एका घरात राहतात का कुठे? कुणीतरी एकाने जायचं. त्यांना तर जायला दुसरी जागाच नाही."

मी पर्स खांद्यावर तशीच घेऊन खाली बसले. लेकीच्या घरी आई दोन दिवस जास्त राहिली तरी आमच्यात लोक कुजबुजतात, हे मला माहीत होतं. पण त्यावरून बाबा स्वतःला घराबाहेर काढून मोकळे झाले असतील, हे आमच्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. "गॅलरीत सामान आहे तोवर विहीणबाईंचं येणं लांबेल, मला कुणी जा म्हणणार नाही असं वाटलं होतं," म्हणाले. महिनाभर मी चोक आणि कॉइलींवरून भांडत होते, आणि ते बिचारे आपल्या कॉटवरून.

"बाबा, तुम्ही कुठेही जायचं नाही," मी म्हटलं. "आई गॅलरीत, तुम्ही हॉलमध्ये." लोक काय म्हणतील, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लोक आपल्याकडे आमटी ढवळायला येत नाहीत.

त्यांनी वळकटीची गाठ सावकाश सोडली, सुतळी बोटांवर गुंडाळून खिशात ठेवली आणि माझ्यावरच चिडले.

"मग हे आधी नाही सांगायचं? एकेकाचं हळदकुंकू पुसून सगळं भंगारात देऊन आलो ना मी."

भंगारवाल्याचं दुकान गावठाणाला लागून होतं. आम्ही पोचलो तेव्हा तो पत्रे आत घेत होता. आमचं सामान त्याने केव्हाच बाकीच्या ढिगात ओतून टाकलं होतं. काय हवं ते शोधा, म्हणाला. बाबा ढिगाच्या एका बाजूला उकिडवे बसले, मी दुसऱ्या बाजूला, ऑफिसच्या साडीत. एक रेग्युलेटर हाताला लागला. मी तो वर धरून विचारलं, "बाबा, हा आपला का?"

त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"आपला नाही," म्हणाले. "पण घे."