शेजारची ओळ

धानाच्या रोपांच्या जुड्या बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात पडल्या, चिखलाचा वास सुटला की मला शाळेतली मैत्रीण आठवते. नववीत असताना मी, दुकानदाराची मुलगी, हौसेनं तिच्या शेतात रोवणीला गेले, तर माझी रोपं पाण्यावर तरंगायला लागली. ती शेजारच्या ओळीतून हात लांबवून एकेक रोप दाबत गेली. "तू गोष्टी सांगत राय, मी दाबून रायली ना," हळूच म्हणाली. माझी ओळ नीट उभी पाहून तिच्या आईनं माझंच कौतुक केलं, तेव्हाही ती नुसती हसली. पुढं पहिल्याच बाळंतपणात माझी मैत्रीण गेली. आता मी सासरच्या बांधीत रोवते. "मधात एका ओळीची जागा काहून सोडून रायली वो?" सासूबाई दरवर्षी विचारतात. मी तिथं रोप लावते आणि अंगठ्यानं जरा जास्तच खोल दाबते.