बर्फात ठेवलेलं रक्त

अर्नाळ्याच्या सत्यवतीमावशीवर मी भर ओट्यावर ओरडले, त्या दिवसाची ही गोष्ट. माझं डोकं तापट आहे. मनवेलपाड्याला आमच्या बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा मला बघून खुर्चीतून उठतो. पण त्या दिवशी चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

मी सुनंदा, नर्स. टीबीवरच्या एका अभ्यासासाठी घरोघर जाऊन रक्त घेते. मावशी साठीची, बंदरावर मासळी विकण्यात जन्म गेलेला. तिचा नवरा टीबीने गेला, मागोमाग दीर गेला. दोघांचं सगळं तिनेच केलं. थुंकीची भांडी धुतली, त्याच खोलीत झोपली. तिला साधा खोकला झाला नाही. आणि आता मुलगा अल्पेश. त्याचं निदान झालं त्याच दिवशी सून प्रियल सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन कळंबला माहेरी निघून गेली. अल्पेशपासून बाळाला लांब ठेवलं ते योग्यच होतं. पण जाताना ती दारात म्हणाली, "यांना काही होत नाही, कारण या दुसऱ्यांना देतात." गल्लीने ते ऐकलं आणि बायका मावशीच्या टोपलीपाशी थांबेनाशा झाल्या.

मावशीचा एक्स-रे साफ होता, थुंकीही साफ. म्हणजे ती कोणाला देऊच शकत नव्हती. पण त्या कागदाला घरात कोणी विचारत नव्हतं. मावशीची सगळी आशा मी तिचं रक्त भरून नेणार होते त्या नळ्यांवर होती. "मुंबईचा रिपोर्ट आला का प्रियल पोरीला माझ्याजवळ देईल," असं ती प्रत्येक खेपेला म्हणायची. मी मान हलवायचे. हो म्हणाले नाही, पण नाहीही म्हणाले नाही. तिचं रक्त मला हवं होतं.

का हवं होतं, तेही मी तिला समजावलं होतं. टीबीचा जंतू अंगावर मेणासारख्या चरबीचं पांघरूण घेऊन येतो. आपल्या शरीराचे पहारेकरी बहुतेक वेळा जंतूच्या प्रथिनांचे तुकडे बघून त्याला ओळखतात. पण काही पेशींवर एक तेलकट खोबण असते. तीत त्या चरबीचा कण शेपटीकडून आत बसतो, डोकं बाहेर राहतं. दुसऱ्या पेशी येऊन ते डोकं चाचपतात आणि ओळखतात, अरे, हा तर शत्रू.

"म्हंजे बोंबील मुठीत धरल्यावानी," मावशी म्हणाली. "शेपूट आत, तोंड भायेर."

"बरोबर तसंच. तुझ्या अंगातल्या पेशी ही ओळख लवकर पटवतात का, ते डॉक्टरांना बघायचंय. म्हणून पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत. मेल्या की खेळ खलास."

तो दिवस शेवटचा होता. रुग्णाचं निदान झाल्यापासून चौदा दिवसांत घरच्यांचं रक्त लॅबला पोचलं नाही, तर ते घर अभ्यासातून बाद. साडेअकराला नळ्या लॅबला न्यायला रायडर येणार होता. दहाला मी मावशीच्या दंडाला पट्टा बांधला आणि सहा नळ्या भरल्या. थर्माकोलच्या डब्यात ठेवून डबा ओट्यावर ठेवला. घरात रेंज नव्हती, म्हणून रायडरला फोन करायला मी बंदराच्या बाजूला गेले. वीस मिनिटं लागली असतील.

परत येऊन डबा उचलला तर जड. झाकण उघडलं. आत गच्च फोडलेला बर्फ आणि त्यात माझ्या सहा नळ्या पुरलेल्या.

नळ्या उपसून काढल्या, पण काच थंडगार झाली होती. लॅबला फोन करायला धावत पुन्हा बंदरावर. पलीकडून एका मुलीने थंडपणे विचारलं, "बर्फात किती वेळ? मग फेकून द्या मॅडम. त्या पेशी आता धड काम करणार नाहीत. खोलीच्या तापमानाला ठेवायचं, माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. मावशीला सांगायचं मात्र मला सुचलंच नव्हतं.

तरी मी येऊन तिच्यावरच तुटून पडले. कोणी सांगितलं होतं हात लावायला? अक्कल गहाण ठेवलीस का? चौदा दिवसांची मेहनत पाण्यात घातलीस. शेजारच्या दारातून दोन बायका डोकावल्या. मावशी भिंतीला टेकून ऐकत राहिली.

"जिता पोचला पायजे म्हनालीस ना तू," ती हळूच म्हणाली. "आमी काय पन टिकवायचा असला का बर्फात घालतो. ह्याच्याहून मोलाचा माझ्याकडं काय हाय?"

तिने दुसरा हात पुढे केला.

"ह्यातून काढ. येल हाय अजून. प्रियलला रिपोर्ट दावाचाय."

पावणेअकरा झाले होते. नियमात एकदा अजून घेता येत होतं. सुई माझ्या हातात होती. आणि तो काळाभोर, खवल्यांच्या ओरखड्यांनी भरलेला हात बघून मला स्वतःची लाज वाटली.

"मावशी, रिपोर्ट येणार नाही," मी म्हणाले. "बर्फात घातलं नसतंस तरी आला नसता. तिथं तुझं नावसुद्धा नाही, फक्त नंबर आहे. डॉक्टरांना शंभर घरांचं मिळून काहीतरी कळेल, तेही काही वर्षांनी. तुझ्या घरी कागद येणार नव्हता. मी तुला आधीच सांगायला हवं होतं."

तिने हात मागे घेऊन पदराखाली झाकला.

"मंग माझ्यावर कशाला ओरडलीस?"

अभ्यासाच्या फॉर्मवर त्या घराचा रकाना मी रिकामा सोडला. रायडरला परत पाठवलं. मग मावशीला घेऊन बंदराच्या कठड्यापाशी गेले आणि प्रियलला व्हिडिओ कॉल लावला.

"रिपोर्ट आला, मॅडम?" तिने उचलताच विचारलं.

"नाही, आणि येणारही नाही. पण सासूचा एक्स-रे साफ आहे, थुंकी साफ आहे. हे बघ कागद. त्यांच्याकडून तुझ्या मुलीला काही होऊ शकत नाही. हे मी नर्स म्हणून सांगतेय."

प्रियल कागदाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "मग तुम्ही उघड्यावर उभं राहून, त्यांच्याशेजारी मास्क का लावलाय?"

चौदा दिवस मी त्या घरात मास्क लावून वावरले होते. अल्पेशच्या खोलीत तो हवाच होता. पण बाहेर, मोकळ्या वाऱ्यात, मावशीशी बोलतानाही मी तो कधी काढला नव्हता. मी मुकाट्याने काढला, मावशीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले.

प्रियल होही म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मग तिने फोन फिरवला. पाळण्यात मुलगी पाय झाडत पडली होती, अंगठा तोंडात घालून.

मावशी फोनवर वाकली, आणि तिने झटकन पदर नाकातोंडावर धरला, आपला श्वास पोरीला लागू नये म्हणून.

"मावशी, फोनमधून काही जात नाही," मी म्हणाले आणि तिचा पदर खाली ओढला.

तिने तो परत वर घेतला.