नाळेवरची राख

हुडकेश्वर तेव्हा नागपूरबाहेरचं खेडंच होतं. तिथं बाळंतपण म्हटलं की जयवंताबाईला बोलावणं जायचं. हे काम तिच्याकडे सासूकडून आलं होतं. आडवं मूलही ती पोटावरून हात फिरवून वळवायची. घरातल्याच विळ्यानं नाळ कापायची आणि वर गोवरीची राख दाबायची. राखेनं नाळ लवकर वाळते, असं सासूनं शिकवलं होतं.

काही बाळं आठव्या दिवसाच्या आसपास दूध ओढेनाशी व्हायची. जबडा आवळायचा, अंग ताठ व्हायचं आणि जीव जायचा. लोक सटवीला बोल लावायचे. जयवंताबाई त्या घरी जाऊन आईजवळ बसायची, तिच्यासोबत रडायची.

चौऱ्याहत्तर साली दवाखान्यात सुइणींचं शिबिर लागलं. ती नाखुशीनंच गेली. तीस वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईला कालची नर्स काय शिकवणार, असं वाटेत बायांना म्हणालीही. शिकवायला सिंधूताई होत्या. शेणामातीत, गोवरीच्या राखेतही धनुर्वाताचे जंतू असतात आणि ते ओल्या नाळेतून बाळाच्या अंगात शिरतात, हे त्यांनी समजावलं. मग त्या आजाराची लक्षणं सांगितली. आवळलेला जबडा. ताठ अंग.

जयवंताबाईच्या हातातला चहा तसाच राहिला.

"म्हणजे ते राखेनं मेले का, बाई?"

सिंधूताई म्हणाल्या, "तुम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं."

"पण राख तं मीच लावली ना."

घरी येऊन ती दोन दिवस चुलीपाशी गेली नाही. तिला अकरा बाळं आठवली. त्यांतली दोन गावातल्याच गोपिकाची. नवरा देवाजी म्हणाला की गप राहा, लोक जिवावर उठतील. तरी ती गोपिकाकडे गेली.

गोपिका अंगणात तांदूळ निवडत होती. जयवंताबाई उभ्यानंच बोलली, "तुह्या पोरांले सटवीनं नाही नेलं, गोपिका. माह्या हातच्या राखेनं गेले."

गोपिकाच्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ सांडले, तिचं लक्षही गेलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तू जाय वं इथून."

जयवंताबाईनं शिबिर पुरं केलं. हात साबणानं धुवायचे, पातं आणि दोरा उकळायचा, गरोदर बाईला धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाठवायचं, हे सारं ती शिकली. राखेचा हट्ट धरणाऱ्या सासवांशी भांडली. काही घरांनी तिला बोलावणंच सोडलं.

दीड वर्षानं गोपिकाचा नवरा दारात आला. कळा येत असतानाही गोपिका विचारत होती, "पाणी उकळलं का?" जयवंताबाईनं उकळतं भांडं तिच्यासमोर आणून दाखवलं. पातं दाखवलं, धुतलेले हात दाखवले. मुलगी झाली. नाळेवर काही लावलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी जयवंताबाई गेली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. आत जायचं धाडस होईना. गोपिकानं तिला ये म्हटलं नाही. तिनं नुसता पदर बाजूला केला.

पोरगी दूध ओढत होती.