उलटे चालणारे बैल

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. माझी सून नातीला शाळेत न घालता घरीच शिकवायची. एकदा आम्ही तिघं कोल्हापूरजवळचं जुन्या शेतीचं संग्रहालय बघायला गेलो. विहिरीवरची मोट दाखवून सून म्हणाली, "मोट खाली सोडताना बैल उलटे चालतात."

मी कोल्हापूर शहरात, राजारामपुरीत जन्म काढलेला मास्तर. चारचौघांत हसलो. "बैल कधी उलटं चालत्यात व्हय? असलंच शिकवतीस पोरीला?"

नातीनं वहीत लिहून घेतलेलं ते वाक्य खोडलं. जूनमध्ये सुनेनं स्वतःच तिला शाळेत घातलं.

पुढे पेठ वडगावला सुनेच्या वडिलांनी बोलता बोलता सांगितलं, मोट खाली सोडताना त्यांचे बैल उलटेच चालायचे.

सून रोज चहा आणून देते. तेव्हा ओठांवर येतं, पण बोलवत नाही: "पोरी, तुझंच बरोबर होतं. माझं चुकलं."