एस्तेलाबाईंचा दहावा

पराग्वे देशातल्या एका ठणठणीत बाईंचा दहावा आम्ही कोपरीच्या खाडीवर विधिवत केला. पिंडाला कावळाही शिवला. (त्याने तरी आधी चौकशी करायला हवी होती. पण ते काम त्याचं नव्हतं, माझं होतं.)

मी वर्तमानपत्रात नोकरी केली. शेवटची बरीच वर्षं निधनवार्तांचं पान माझ्याकडे होतं. नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी दोन नियम सांगत असे. माणूस खरोखर गेला आहे का, हे दोघांना विचारा. फोटो त्याचाच आहे का, हे घरच्यांना विचारा. माझ्या पानावर कधीही जिवंत माणूस छापला गेला नाही. निरोपसमारंभात संपादकांनी याचा खास उल्लेख केला होता आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

गेल्या वर्षी आई गेली. आजारपणात ती आमच्याकडे, वर्तकनगरला होती, म्हणून दहावा कोपरीला केला. पिंड ठेवून गुरुजी मागे सरकले. बाबा पुढे झाले. कावळा शिवेपर्यंत घरच्यांनी गेलेल्या माणसाला काहीबाही कबूल करायचं असतं, तसं त्यांनीही मनाशी काहीतरी जुळवून आणलं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी कावळा आला, शिवला, उडाला.

"वा! माउलींची काही इच्छाच राहिली नव्हती हो!" गुरुजी म्हणाले.

सगळ्यांना बरं वाटलं. बाबांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि ते मिटूनच ठेवलं. बोलण्यासाठीही आणि जेवणासाठीही. डोंबिवलीला, मानपाड्याच्या घरी, ते एकटे परत गेले आणि चहाबिस्किटांवर राहू लागले. डॉक्टरांनी त्यांना तपासलं, मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, "रिपोर्टमध्ये काही नाही. पण हे जेवले नाहीत तर फार दिवस काढणार नाहीत."

उपाय माझ्या बायकोने, सुजाताने शोधला. इंटरनेटवर एक संकेतस्थळ होतं. जगभरातली साधी माणसं तिथे थोडे थोडे पैसे घालतात आणि त्यातून दूरदेशी लहानसा धंदा करणाऱ्यांना कर्ज मिळतं. कर्ज फिटलं की तेच पैसे दुसऱ्याला. बाबांचा जन्म पतपेढीच्या वसुली खात्यात गेला होता. सुजाताने त्यांना खातं उघडून दिलं.

"तारण काय घेतात?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"जामीनदार?"

"नाही."

"व्याज?"

"आपल्याला नाही मिळत."

"मग ही संस्था कोण चालवतात, वेडे?"

आई गेल्यापासून ते इतकं बोलले नव्हते! सुजाताने मला डोळ्यांनी खुणावलं.

त्यांनी अर्जदारांची छाननी सुरू केली. शेळ्या पाळणारा नको. "शेळी मेली तर वसूल कशातून करणार?" रिक्षावाला नको. "चेहरा बघ याचा. हप्त्याच्या दिवशी हा गावाला जाईल." असं अर्धं जग नापास झाल्यावर पराग्वेतल्या बायकांचा एक गट पडद्यावर आला. अंगणात काढलेला फोटो. बायका ओळीने उभ्या. मधोमध खुर्चीवर एक भरदार बाई. तिच्या मांडीवर परात.

बाबा पुढे वाकले. "या करंज्या आहेत."

होत्याच. तिकडे नाव वेगळं असेल, पण आकार तोच, मुरडही तशीच. (आत खिमा असतो हे मी वाचलं आणि स्वतःजवळ ठेवलं.) आई दिवाळीत करंज्यांच्या ऑर्डरी घ्यायची. अख्ख्या मानपाड्यात तिच्या मुरडीला तोड नव्हती.

"हिला द्या," बाबा म्हणाले.

कर्ज गटाचं असलं तरी एकीच्या नावावर होतं. नाव रमोना. आता यातली रमोना कोण? बाबांना शंका नव्हती. पतपेढीच्या प्रत्येक फोटोत अध्यक्ष मधल्या खुर्चीवर बसलेले असत आणि बाकीचे उभे. खुर्चीवरची ती रमोना.

"मग ही टोकाची बारीक बाई हात वर करून का उभी आहे?" सुजाताने विचारलं.

"ऊन लागत असेल," मी म्हणालो. (उभा जन्म बातमीदारीत!)

रमोनाबाईंनी आमच्या घरात चमत्कार केला. पहिला हप्ता आला त्या दिवशी बाबांनी वरणभाताचा कुकर लावला. दुसऱ्या हप्त्याला भाजी केली. मला फोन यायचा, "विनायक, रमोनाबाईंचा हप्ता आला. बाई वेळेची पक्की आहे." मी विचारायचो, "जेवलात का?" ते म्हणायचे, "जेवतोय." त्यांच्या गालांवर जरा मांस चढलं. वाण्याकडे त्यांनी तूप मागितल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं तेव्हा सुजाताने देवापुढे साखर ठेवली.

मग सुजाताच्या ईमेलवर निरोप आला. रमोना अल्पशा आजाराने वारल्या. उरलेली रक्कम गटातल्या बायका भरतील.

मी मानपाड्याला जाऊन बाबांना वाचून दाखवलं.

"कर्ज ठेवून गेली," ते म्हणाले.

"बाकीच्या भरणार आहेत, बाबा. आपलं काही बुडत नाही."

"बुडण्याचं कोण बोलतंय?"

ओट्यावर बिस्किटांचा पुडा पुन्हा आला. कुकर धुऊन पालथा घातलेला होता, तो तसाच राहिला. आठवड्याभरात त्यांचा आवाज बसला. डॉक्टर या खेपेला मला बाहेर न बोलावता त्यांच्यासमोरच बोलले. बाबांनी मान डोलावली, जणू दुसऱ्याच कोणाचा विषय चालला होता.

आणि मग एका सकाळी फोन. "विनायक, दहावा करायचा."

"कोणाचा?"

"रमोनाबाईंचा. कर्ज डोक्यावर ठेवून गेलेलं माणूस अडकून राहतं. मुक्त करायला हवं."

"बाबा, त्या ख्रिस्ती होत्या."

"तिकडचं तिकडे त्यांनी केलं असेल. इकडचं खातं आपलं आहे."

मी सुजाताकडे पाहिलं. ती म्हणाली, "करू या. निदान त्या दिवशी तरी जेवतील."

तिथी मोजण्याच्या भानगडीत न पडता गुरुजींनी त्यांच्या सोयीचा दिवस दिला. गुरुजी आईच्या वेळचेच. मी खुर्चीवरच्या बाईंचा फोटो मोठा करून घेतला, चौकटीत बसवला, झेंडूचा हार घातला. सुजाताने करंज्या तळल्या. खोबऱ्याच्या.

"मृताचं नाव?" गुरुजींनी विचारलं.

"रमोना."

गुरुजींनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गोत्र?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाबा शांतपणे म्हणाले, "माहीत नसेल तर काश्यप चालतं ना?"

"चालतं. कोकणातल्या की देशावरच्या?"

"बऱ्याच दक्षिणेकडच्या," मी म्हणालो.

गुरुजींनी पुढे काही विचारलं नाही. दक्षिणा ठरलेली होती.

पिंड ठेवला, शेजारी करंज्या ठेवल्या आणि आम्ही मागे सरलो. कावळा नाही. एकही नाही! आईच्या वेळी हा प्राणी जणू दबा धरून बसला होता, आज आकाश स्वच्छ. खाडीच्या कडेला होडी खरवडत बसलेला एक कोळी म्हणाला, "काका, पानी वसरलंय. कावले सगले तिकरं चिखलान."

ओहोटीचं हे कारण बाबांनी ऐकून घेतलं नाही. मला म्हणाले, "काहीतरी कबूल कर."

मी पिंडाकडे तोंड करून म्हणालो, "उरलेले हप्ते आम्ही मागणार नाही." काही नाही. सुजाता म्हणाली, "तुमचा करंज्यांचा धंदा बंद पडू देणार नाही." काही नाही. मी आणखी एका कर्जाचं आश्वासन दिलं. सुजाता दोन कर्जांवर गेली. जाहीर सभेत देतात तशी आश्वासनं आम्ही देत सुटलो, आणि आकाश तसंच रिकामं.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "मला पुढे दुसरं एक आहे. दर्भाचा कावळा करून लावून टाकू का?"

"नाही," बाबा म्हणाले.

ते पुढे झाले. फोटोसमोर उभे राहिले, पण बघत होते पाण्याकडे. पायजम्याची नाडी दोन-दोनदा गुंडाळून बांधलेली मला मागून दिसत होती.

"सारण कमी गोड नव्हतं," ते म्हणाले.

गुरुजी माझ्या कानाशी आले. "काय म्हणाले?"

"सारण चांगलं होतं. मी उगाच बोललो," बाबा म्हणाले. "पेपर वाचता वाचता बोललो. तू परात उचलून आत घेऊन गेलीस, आणि पुढच्या दिवाळीला केल्याच नाहीस. मला वाटलं, दमलीस. नंतर दवाखान्यात विचारणार होतो, तर तिथे सारखं कोणी ना कोणी बसलेलं." त्यांनी खिशात रुमाल शोधला. तो नव्हता. त्यांनी बाहीने नाक पुसलं. "मी जेवतो. रोज जेवतो. त्यावरून अडून राहू नकोस."

गुरुजींनी विचारलं, "यांचा आणि त्या दाक्षिणात्य बाईंचा..."

"गुरुजी, गप्प बसा," सुजाता म्हणाली. ती रडत होती.

कावळा आला. चिखलातून आला असावा, पाय काळे होते. पिंडाला चोच लावली न लावली, एक करंजी उचलली आणि वस्तीच्या बाजूला निघून गेला.

"चालतं," गुरुजी म्हणाले आणि पिशवी उचलली.

बाबा आमच्याकडे आले, पानावर बसले, आमटी दोनदा मागितली. गोष्ट इथे संपली असती तर मला हे लिहायची वेळ आली नसती. पण मी भारावलो होतो. त्या भरात मी हार घातलेला फोटो संकेतस्थळावरच्या कर्ज देणाऱ्यांच्या पानावर टाकला आणि खाली इंग्रजीत मृत्युलेख लिहिला. कष्टाळू, मनमिळाऊ, वेळेच्या पक्क्या. चांगला उतरला होता. नॉर्वेच्या एका निवृत्त शिक्षिकेने तो वाचून आपल्याला रडू आल्याचं कळवलं. कॅनडातल्या कोणीतरी मेणबत्ती लावली. केनियातल्या एका गृहस्थांनी फोटोतल्या बाईंच्या चेहऱ्यावरची शांती वाखाणली. मी प्रत्येकाचे आभार मानले.

तिसऱ्या दिवशी पराग्वेतल्या त्या संस्थेच्या कार्यकर्तीचं उत्तर आलं. मजकूर अतिशय सभ्य होता. फोटोतल्या बाई रमोना नव्हेत. त्या एस्तेला. गुडघे दुखतात म्हणून त्या खुर्चीवर बसल्या होत्या. कर्ज जिच्या नावावर असतं तिने फोटोत हात वर करायचा, असा आमचा नियम आहे. एस्तेलाबाईंना गटाच्या बैठकीत आपला हार घातलेला फोटो दाखवण्यात आला. त्या आधी घाबरल्या, मग खूप हसल्या. फुलं फार सुंदर आहेत, असं त्या म्हणतात. आपल्या वाट्याचा हप्ताही आता माफ झाला का, असंही विचारतात.

मी लॅपटॉप मिटला.

"बाबांना सांगू नका," सुजाता म्हणाली. "अहो, शपथ आहे तुम्हाला! ते कबूल करून आलेत म्हणून जेवतायत. माणूसच जिवंत निघालं तर सगळंच फुकट जाईल. पुन्हा बिस्किटांवर येतील."

मी सांगितलं नाही. पण बाबा वसुली खात्यातले. ते पान रोज सकाळी दात घासायच्या आधी उघडत.

"विनायक," फोनवर त्यांचा आवाज आला, "कोण गेलं होतं ते तुला तरी माहीत होतं का?"

"बाबा, चूक झाली. पण तुमचं... म्हणजे जेवणाचं..."

"त्याचं काय?"

"तुम्ही त्यांना कबूल केलं होतं ना."

"मी काय एस्तेलाबाईंना सांगत होतो?" बाबा म्हणाले.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"त्यांना कळव," ते पुढे म्हणाले, "हप्ता माफ नाही. जिवंत माणसाला आमच्याकडे माफी नाही." आणि ते हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. मग थांबले. "मी फोटो मोठा करून बघितला रे. ती टोकाची. हात वर करून सांगत होती, मी आहे, मी आहे. आणि आपण म्हणालो, ऊन लागतंय."

रमोनाबाईंसाठी आम्ही पुन्हा खाडीवर गेलो. या वेळी हात वर केलेला फोटो. गुरुजींनी नाव विचारलं आणि वर विचारलं, "नक्की ना?" बाबांनी फोटोला नमस्कार केला आणि एवढंच म्हणाले, "चूक झाली, बाई." भरती होती. कावळा लगेच आला.

मग मी पानावर माझ्या आयुष्यातला पहिला खुलासा प्रसिद्ध केला. श्रीमती एस्तेला हयात आहेत, चुकीबद्दल दिलगीर आहे. (नॉर्वेच्या शिक्षिकेने कळवलं की त्यांना पुन्हा रडू आलं.)

बाबा आता बरे आहेत. जेवतात, एस्तेलाबाईंच्या हप्त्यावर नजर ठेवतात. माझ्या शब्दावर मात्र त्यांचा विश्वास राहिलेला नाही. मागच्या आठवड्यात मला ताप होता, म्हणून त्यांचा फोन आला. मी स्वतः उचलला, स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "मी ठीक आहे, बाबा." ते बरं म्हणाले, फोन ठेवला आणि खात्री करून घ्यायला लगेच सुजाताला लावला.